साडेतीन मिलिमीटर

ता. ४ मार्च

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीचं पत्र पोचलं. तुम्ही काठी न घेता न्हाणीपर्यंत जाता, आणि भाऊ ओरडला की ऐकूच आलं नाही असं सोंग घेता, हे कळलं. डाव्या हाताने जेवताना सांडलं की दोष चमच्याला देता, हेही कळलं. वहिनी काही लपवत नाही, तेव्हा जपून असा. उजव्या हाताची बोटं थोडी तरी हलतात का? जीभ जड आहे म्हणून बोलायचं टाळू नका. वर्तमानपत्र मोठ्याने वाचा, मग घरच्यांना कंटाळा आला तरी चालेल.

आता कामाचं. दोन नंबरच्या मशीनचा खालचा रोल, तुमचा लाडका, परवा माझ्याकडे ग्राइंडरवर घासायला आला. झटका येऊन तुम्ही भाऊकडे गेल्यापासून तो पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या हाती येतोय. कागदाबरोबर लोखंडाची फीत आत गेली आणि रोलच्या मधोमध तीन चरे पडले, नख अडकतं एवढे. रोल फिरला की दर फेरीला कागदावर ओरखडा उठतो. ते चरे जायला व्यासात दोन मिलिमीटर तरी घासावे लागतील.

पण एक घोळ आहे. तुमच्या वहीप्रमाणे रोलचा व्यास पाचशे एकोणनव्वद मिलिमीटर. मी मोठा मायक्रोमीटर लावला तर तो म्हणतो पाचशे साडेपंच्याऐंशी. साडेतीन मिलिमीटरचा फरक! तुम्हीच शिकवलंत, रोलला वर कडक साल असते आणि आत मऊ बीड. पाचशे पंच्याऐंशीच्या खाली गेलं की साल केव्हाही संपते, आणि साल संपली की रोल भंगारात. वही खरी असेल तर अजून दोन वेळा घासता येईल. मायक्रोमीटर खरा असेल तर हात लावायचीही सोय नाही.

फोरमन, म्हणजे आपले घाईसाहेब, हसले. म्हणाले, तो मायक्रोमीटर पावसाळ्यात खुंटीवरून पडलाय, त्याचं काय ऐकतेस. तुझ्या वडिलांच्या वहीपेक्षा तू शहाणी झालीस का? मायक्रोमीटर तपासायची दांडी बाहेर पाठवलीय, ती महिनाभर येत नाही. क्रेनवाले काकाही म्हणाले, उस्तादाने तीस वर्षांत एक रोल बिघडवला नाही, त्याची वही म्हणजे दगडावरची रेघ. मलाही तसंच वाटतं. पण आकडा डोळ्यांपुढून हलत नाही.

बदली रोल नाही. हा गेला तर दोन नंबर बंद आणि चाळीस माणसं घरी. मला अजून कायम केलेलं नाही, तुमच्या शब्दावर घेतलंय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. रोल नीट निवायला हवा, ग्राइंडरचं चाक सोलून धार काढायची आहे, अशा सबबी सांगून मी घाईसाहेबांना अठरा तारखेपर्यंत थोपवून धरलंय. तेवढ्यात तुमचं उत्तर आलं म्हणजे जीव भांड्यात पडेल.

भाऊ-वहिनींना नमस्कार. तब्येतीला जपा, आणि चमच्याला बोल लावू नका.

तुमची,
मोजपट्टी

*

ता. १० मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा आलं. वाचून घेतलं. मी बरा आहे. हे तुझी वहिनी लिहून घेत आहे.

रोलचं म्हणशील तर पुन्हा मोज. घाई करू नये. दोन्ही टोकांना मोज, मधे मोज, सकाळी थंड असताना मोज. मायक्रोमीटर पुसून घे. मापाच्या कामात हात हलका लागतो, तो तुझा अजून बसायचा आहे. होता होईल तो काम लांबव. फोरमनला सांग की मी सांगितलं आहे. जास्त काय लिहिणे. सांभाळून राहा.

तुझा,
दादा

वन्सं, खाली माझ्या चार ओळी. मामंजींनी हे पत्र सांगताना माझे दोन कागद फाडायला लावले. पहिल्यात काय होतं ते मलाही धड कळलं नाही. “मुलीला सांग की” एवढं बोलून थांबायचे, डोळे मिटून बसायचे आणि मग म्हणायचे, फाड. शेवटी हे एवढंच सांगितलं. पत्र पुरं झालं तरी चेहरा असा, की मला वाटलं पुन्हा दवाखाना गाठावा लागतोय. आता पेन मागतात, आणि मी लिहून देते म्हटलं तर रागावतात. डाव्या हाताने रेघोट्या ओढतात आणि कुणी आलं की वर्तमानपत्र टाकून झाकतात. म्हातारपणी प्रेमपत्र लिहितायत की काय, म्हणून मी चिडवलं, तर हसलेही नाहीत. तुम्हाला काही ठाऊक असेल तर कळवा. इकडे बाकी सगळं ठीक. तुम्ही मात्र वेळेवर जेवत जा, नाहीतर तुमचीच मोजपट्टी व्हायची.

तुमची वहिनी

*

ता. १५ मार्च

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र काल मिळालं. वाचून डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं. माझा हात अजून बसायचा आहे! तीन वर्षं तुमच्या शेजारी उभी राहिले, तुम्ही घरी बसल्यापासून एकटीने अकरा रोल काढले, एकही परत आला नाही, आणि तुम्ही मला मायक्रोमीटर पुसायला सांगता? मी पुसला. सकाळी मोजलं, दुपारी मोजलं, दोन्ही टोकांना, मधे. सात वेळा. सातही वेळा पाचशे साडेपंच्याऐंशी.

मी विचारलं होतं एकच, की वही खरी ना? त्याचं उत्तर पत्रात कुठेच नाही. मग मीच समजून घेतलं. तुमच्या वहीवर मी शंका घेतली याचंच तुम्हाला वाईट वाटलं असणार. चुकलंच माझं. बापाच्या आकड्यावर संशय घेणारी मी कोण टिकोजी?

काल मोठे साहेबही येऊन गेले. सौम्य आवाजात विचारलं की काय अडलंय. तुम्ही लांबवायला सांगितलंय असं म्हटलं, तर त्यांनी विचारलं, का? कारण तर तुम्ही लिहिलंच नव्हतं. घाईसाहेब मागून म्हणाले की मुलीला धीर होत नाही, बाहेरून कारागीर बोलावू. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सांगून टाकलं की अठराला सुरू करते.

वही खरी धरून चालले आहे. एका वेळी केसाएवढंच घेईन, पाणी भरपूर सोडीन, चाकावरून नजर काढणार नाही. एकोणीसच्या दुपारपर्यंत चरे जातील. निश्चिंत राहा.

वहिनीला सांगा, तुमचं प्रेमपत्र कुणाला आहे ते मला ठाऊक नाही.

रुसलेली, तरी तुमचीच,
मोजपट्टी

*

ता. ११ मार्च ते २० मार्च

चि. मोजपट्टीस,
आशीर्वाद.

हे मी माझ्या हाताने लिहीत आहे. डावा हात आहे. दिवसाला चारपाच ओळी होतात. वहिनीला सांगून लिहवता येण्यासारखं नाही.

तुझं माप बरोबर आहे. वही खोटी आहे.

तुझा शाळेचा शेवटचा निकाल लागला त्या दिवशीची गोष्ट. हाच रोल मशीनवर होता. फाटकावरचा माणूस सांगत आला की तुझी पोरगी शाळेत पहिली आली. मी चाकाचं सरकणं बंद केलं आणि धावत सुटलो. कागद खात्यात सांगितलं, बॉयलरवर सांगितलं, ऑफिसात सांगितलं. पाव तास गेला. चाक मागे घ्यायचं राहून गेलं होतं. चाक पुढे घेणारी कळ चालूच होती. परत आलो तर रोलला एका जागी पट्टा खणला गेला होता, जळून निळा पडला होता, बारीक तडे होते.

खात्यात मी एकटा होतो. तीन दिवस घासून मी तो पट्टा काढला. व्यासात चार मिलिमीटर गेले. वहीत अर्धाच मिलिमीटर लिहिला. चुकून नाही, जाणून लिहिला. नोकरीची भीती वाटली. पुढे लोक उस्ताद म्हणायला लागले, मग तर तोंडच उघडेना. नंतर प्रत्येक वेळी त्या खोट्या आकड्यातून वजा करत गेलो.

वाटलं होतं हा रोल माझ्याच हाताखाली संपेल. मीच म्हणेन की म्हातारा झाला, बदला. त्याआधी मीच पडलो. दवाखान्यातून आल्यावर तुला सांगायला हवं होतं. रोज उद्या म्हणत होतो.

तुझं पत्र आलं तेव्हा वहिनी कागद घेऊन समोर बसली. तिच्यापुढे हे बोलवेना. सुनेपुढे बोलवेना म्हणून मी पोरीचाच हात कच्चा ठरवला. नऊ दिवस हे पत्र लिहितो आहे आणि रोज वाटतं की आज पुरं होईल. अक्षरं एकमेकांवर चढतात. कागद सरकतो.

१९. तुझं दुसरं पत्र आत्ता आलं. तू काल सुरू केलंस. भाऊला तार करायला पाठवलं आहे, एकच शब्द, ‘थांब’. तो का म्हणून विचारत होता. मी ओरडलो, पण शब्द नीट फुटेना.

२०. हे पत्र साहेबांना दाखव. जसंच्या तसं दाखव. माझी लाज धरू नकोस. माझं जे व्हायचं ते होवो, तुझी नोकरी राहिली पाहिजे.

क्षमा मागायला तोंड नाही, तरी मागतो.

दादा

*

ता. २ एप्रिल

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमची तार एकोणीसला दुपारी चार वाजता आली. रोल सकाळी साडेदहालाच गेला होता. शेवटचा चरा निघत आला होता, अगदी नखालाही लागेना, म्हणून मी मनात खूशही झाले होते. तेवढ्यात आरशासारख्या चमकणाऱ्या पाठीवर एक राखाडी डाग दिसला. मला वाटलं पाण्याचा असेल. पुसला, तर गेला नाही. रोल थोडा फिरवला, तिथेही डाग. मऊ बीड उघडं पडलं होतं. मी मशीन बंद करून खाली बसले ते मला क्रेनवाल्या काकांनी उठवलं.

बावीसला चौकशी झाली. घाईसाहेबांनी सांगितलं की हिला व्यास मोजता येत नव्हता, सात वेळा चुकीचा आकडा काढला, आणि मग घाबरून हवं त्याहून जास्त कापलं. मला विचारलं, तुझं माप चुकलं होतं का? मी म्हटलं, हो. कारण वही तुमची होती. तसं लिहून सही करून दिली.

चोवीसला तुमचं पत्र आलं. त्याच दिवशी रोलचे तुकडे करून भट्टीकडे पाठवले होते.

मी एक दिवस पत्र कुणाला दाखवलं नाही. दाखवलं तर तुमची अब्रू जाणार, नाही दाखवलं तर माझी नोकरी. खरं सांगते दादा, मी फार वेळ तुमच्या बाजूने विचार केला नाही. पंचवीसला सकाळी ते मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

त्यांनी सावकाश वाचलं. मग चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाले, बाप असावा तर असा. मुलीला वाचवायला म्हातारा लुळ्या अंगाने, डाव्या हाताने, आपल्याच नावाला काळं फासतोय. मी म्हटलं, साहेब, हे खरं आहे. ते म्हणाले, बाळ, तीस वर्षं ज्या माणसाने एक रोल बिघडवला नाही त्याच्यावर विश्वास ठेवू की या कागदावर? तू सही करून दिली आहेस, आता वडिलांना आणखी कष्ट देऊ नकोस. पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली आणि तुम्हाला नमस्कार सांगितला. तो या पत्रात पाठवते आहे, घ्या.

तपासायची दांडी परवा परत आली. मायक्रोमीटर केसभरही चुकत नाही. मला वाटलं, आता तरी ऐकतील. घाईसाहेब म्हणाले, बघ, हत्यार चांगलं होतं, म्हणजे हातच चुकला. मोजून दाखवायला रोल आणू कुठून?

नवा रोल चौदा महिन्यांनी येईल. दोन नंबरची चाळीस माणसं घरी बसली आहेत. क्रेनवाल्या काकांचा जावई त्यांत आहे. काका तरीही मला बोलत नाहीत, उलट डबा खाल्लास का म्हणून विचारतात. मला ग्राइंडरवरून काढून गुंडाळणी खात्यात टाकलंय. कागदाच्या गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या चिकटवते. तिथल्या बायका फार मायेने वागतात, जागा करून देतात. तुमच्या पत्राची गोष्ट सगळीकडे पसरली आहे. अशा बापाची लेक, म्हणतात.

निकालाचं वाचलं. त्या दिवशी तुम्ही घरी येऊन न बोलता पाट ओढलात, जेवलात आणि झोपलात. मला वाटलं, गणितात सहा गुण गेले म्हणून तुम्ही नाराज आहात. अकरा वर्षं तेच वाटत होतं. तुम्ही माझ्यासाठी बॉयलरपर्यंत धावलात हे मला कुणी सांगितलं नाही. तुमच्या हाताखाली काम शिकायला आले ती एकदा तरी तुम्हाला माझं काही पसंत पडावं म्हणून. आता हे वाचून हसू की रडू ते कळेना, म्हणून दोन्ही केलं.

दादा, मला तुमचा राग आला आहे. फार आला आहे. रोलबद्दल नाही, चुका कुणाच्या होत नाहीत? खोट्या आकड्याबद्दलही नाही. पण दहा तारखेला वहिनी कागद घेऊन बसली होती तेव्हा तो ‘थांब’ लिहवला असता, तर मी काही न विचारता थांबले असते. तुम्ही सांगितलं काय, तर हात हलका लागतो. हे मला गिळवत नाही. चिठ्ठ्या चिकटवताना तेच येतं, जेवताना तेच येतं. कुणाजवळ तरी मोकळं व्हावं म्हणून तोंड उघडते, तर समोरचीचे डोळे भरून येतात आणि ती म्हणते, असं बोलू नये गं, देवमाणूस आहे तुझा बाप.

तुम्ही चुकलात, हे इथे कुणालाच खरं वाटत नाही. माझं माप बरोबर होतं हे मानणारं जगात एकच माणूस आहे. म्हणून तुमची तक्रार तुम्हालाच लिहिते आहे. उत्तर पाठवा, वहिनीच्या हातून नको, तुमच्या हाताने. नऊ दिवस लागले तरी चालतील, आता घाई कसलीच नाही.

तुमची,
मोजपट्टी