गुलाबदाणी आणि कागदी झगा

अमरावती,
आश्विन वद्य अष्टमी, सन १९६७

राजमान्य राजश्री खुशालराव व्याही, मुक्काम अकोला, यांस पुंजाजीचा दोन्ही हात जोडून रामराम. (अशी लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहिलं. आज हात खरोखर जोडता येत नाहीत. अक्षरही वाकडं आलं आहे, ते गोड करून घ्यावं. कारण शेवटी येईल.)

पत्राला फार उशीर झाला, माफी असावी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी जे घडलं त्याबद्दल दुसऱ्याच दिवशी लिहायला हवं होतं. रोज सकाळी कागद घेऊन बसत होतो, रामराम लिहीत होतो आणि पुढं काय लिहावं या काळजीनं उठत होतो. घरात इतके रामराम साठले, की आमच्या कुटुंबानं, दुर्गाबाईनं, शेवटी त्यांत जिऱ्यामिऱ्याच्या पुड्या बांधल्या. तुमचा गुडघा कसा आहे? विहीणबाईंचा खोकला गेला का? म्हैस व्याली का? आमच्याकडे सर्व ठीक आहे. म्हणजे तसं काही ठीक नाही. मला रात्री जेवण जात नाही आणि सकाळी चहा उतरत नाही. आमच्या रुख्मानं तुमच्याकडून निरोप धाडला आहे, "बाबा, पाडव्याले आमची वाट पाहू नका." एकुलती एक पोरगी. ती आणि जावईबापू इथून सरळ अकोल्याला तुमच्या घरी गेले, ते तिथेच आहेत, आणि पाडव्याचा पाट आमच्याकडे रिकामा राहणार. सगळा दोष माझा आहे. तो कसा माझा आहे एवढं समजावून सांगण्यासाठी हे पत्र.

तुमचे चिरंजीव देवमनराव यांचा धंदा मला कधी नीट समजला नाही, हे आधी कबूल करतो. आमची शाळा चौथीवर थांबली आणि पुढची सगळी हयात जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात काट्यावर गेली. कपाशीची गाठ बांधून आली की वजन करायचं, बारदानावर काळ्या शाईनं नंबर आणि वजन टाकायचं आणि मोठ्यानं पुकारायचं. कापूस इथून पुढं जातो आणि त्याचे कपडे होतात, इतकंच आमचं ज्ञान. लग्न ठरवताना तुम्ही म्हणाला होता, की मुलगा मुंबईला कपड्याचे नवे नमुने काढतो. मला वाटलं, लुगड्याचे काठ काढत असेल. तो काय काढतो ते पहिल्या दिवाळीला कळलं. त्यांनी विलायती मासिकं आणली होती, ती माझ्यापुढं उघडली. पॅरिस म्हणून गाव आहे तिथला कोणी कारागीर पत्र्याचे तुकडे पकडीनं जोडून बाईचा झगा करतो. (आम्ही गाठीला लोखंडी पट्टी बांधायचो, पण गाठ बिचारी कुठं चालत जात नव्हती.) दुसऱ्या एकाच्या बाईनं डोक्यावर कणगीच्या झाकणासारखं काही घातलेलं, पायात गुडघ्यापर्यंत पांढरे बूट, आणि मध्ये जिथं लुगडं हवं तिथं फारसं काही नाही. तिसरीचे कपडे मेणकापडाचे होते. पाऊस लागला तर बरं, एवढंच माझ्या मनात आलं. मी फक्त विचारलं, की हिच्या घरचे लोक कुठं असतात. देवमनराव हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, "मामाजी, कपडा नुसता आंग झाकाले नसते. कपडा इचार सांगते." मी मान हलवली. साठ वर्षं धोतर नेसतो आहे, त्यानं मला आजवर काही सांगितलेलं नाही. पण जावई इतक्या मनापासून बोलत होते, की मला वाटलं, माझंच ऐकायचं राहिलं असेल.

आता लाजेची गोष्ट. गावात कोणी विचारलं, जावई काय करतात, तर मी सांगत असे, मुंबईला मिलात मुकादम आहेत. काय सांगणार होतो? बायकांचे पत्र्याचे झगे शिवतात म्हणून? आमच्या शेजारचे जानराव तुम्हाला माहीत आहेत, लग्नात जिलबीचं ताट धरून पंगतीच्या शेवटपर्यंत बसलेले. त्यांच्या कानावर पडलं की ते जवाहर गेटपर्यंत पोचतं. म्हणून मुकादम. (पगारही थोडा वाढवून सांगितला होता, तो आता कमी करता येत नाही.)

अशात इथल्या एका महिला मंडळाच्या अध्यक्षीण गोदाबाई यांनी कुठल्याशा साप्ताहिकात देवमनरावांचं नाव वाचलं आणि नवरात्रात त्यांच्या कपड्यांचा कार्यक्रम ठेवला. सहा महिने जावयांनी त्यासाठी रात्रीचा दिवस केला, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. शेवटी शेवटी ते आमच्याकडेच उतरले होते. ओसरीवर खळीचं पातेलं, कागदाचे ताव, बारदान, बांगड्यांचे तुकडे. रुख्मा टाके घालीत होती आणि मी ओसरीचं दार लावून घेत होतो, रस्त्यावरून जानरावांना दिसू नये म्हणून. देवमनरावांनी ते पाहिलं असेल का, हा विचार मला आता झोपू देत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी त्यांनी मला मान दिला. म्हणाले, मामाजी, तुम्ही हॉलच्या पायऱ्यांशी गुलाबदाणी घेऊन उभे राहा, येईल त्या पाहुण्यावर गुलाबपाणी शिंपडा. हे काम मला येतं. कारखान्याच्या मुहूर्ताला दरसाल मीच शिंपडत असे. मी धुतलेलं धोतर नेसलो, आणि तुम्ही लग्नात मला दिलेला अबोली फेटा बांधला. (त्या फेट्याबद्दल पुढं येतं. वाचून रागावू नये.) सगळे बसले, मीही आत येऊन खुर्च्यांच्या कडेला उभा राहिलो, आणि एकेक पोरगी रंगमंचावरून उतरून खुर्च्यांमधून चालत जाऊ लागली. पहिली बांगड्यांच्या काचांत छुमछुम करत गेली. दुसरीच्या अंगावर चक्क आमच्या गाठीचं बारदान होतं, नंबरासकट, आणि छातीवर काळ्या शाईत वजन. खुशालराव, माणसाचा हात थांबतो पण सवय थांबत नाही. मी तीस वर्षं जसा पुकारला तसाच आकडा खड्या आवाजात पुकारला, "एकशे सत्तर किलो!" हॉल खदाखदा हसला. ती पोरगी पापडासारखी बारीक. तिला वाटलं, मी तिचं वजन सांगितलं. ती जी रडत आत गेली ती परत आली नाही. आणि त्या हसण्यात जानरावांचा आवाज सगळ्यांच्या वर, "बे पुंजाजी, तू त म्हने जवाई मिलात मुकादम हाय! हे कोनती मिल काढली?" देवमनराव पडद्याशी उभे होते. त्यांनी ऐकलं. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पडदा सोडला.

तेव्हाच मी घरी गेलो असतो तर बरं झालं असतं. पण मला वाटलं, आता काही चांगलं करून दाखवावं. शेवटची पोरगी उतरली ती गोदाबाईंचीच मुलगी केशर. तिचा झगा पाहून माझा जीव भांड्यात पडला. गळ्यापासून घोट्यापर्यंत, लांब हातांचा, पांढरा-गुलाबी, सगळं झाकलेलं! इतक्या वेळात पहिली घरंदाज दिसणारी पोर. मला भरून आलं. बाकीच्यांना दोन थेंब शिंपडत होतो, हिला मी उलट्या गुलाबदाणीनं आशीर्वाद दिला. खांद्यावर, पाठीवर, बाह्यांवर. झगा पतंगाच्या कागदाचा होता. गव्हाच्या खळीनं चिकटवलेला. ओसरीवर ती खळ मी रोज ओलांडून गेलो होतो, पण कशाला आहे ते विचारलं नव्हतं, कारण विचारलं असतं तर ऐकावं लागलं असतं. आधी गुलाबी रंग ओघळला, मग डावी बाही गळून खाली पडली, मग पाठ. आत पोरीनं पोलकं-परकर घातलेलं होतं, देवाची कृपा. तरी तिनं किंकाळी फोडली. मला काही सुचेना. मी डोक्यावरचा फेटा ओढला आणि तिच्याभोवती गुंडाळत सुटलो. ती भीतीनं फिरू लागली, तसा फेटा आपोआपच गुंडाळत गेला. शेवटी ती मानेपासून पायापर्यंत अबोली फेट्यात, आणि मी गावच्या सगळ्या बायकांपुढं बोडक्या डोक्यानं, हातात रिकामी गुलाबदाणी.

आणि मग टाळ्या पडल्या. मंडळी उभी राहिली. गोदाबाईंनी पुढं येऊन जावयांना सांगितलं, की बाकीचं आम्हाला तितकंसं समजलं नाही, पण हा शेवटचा नमुना फार सुंदर आहे, मंडळासाठी असे सहा करून द्या.

व्याही, मला त्या क्षणी धरणीनं पोटात घ्यायला हवं होतं. सहा महिन्यांच्या कामाला कोणी टाळी दिली नाही आणि माझ्या फेट्याला दिली. देवमनराव एक अक्षर वाकडं बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी फेटा धुऊन, इस्त्री करून, घडी घालून दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. "मामाजी, तुमचा फेटा. टाळ्या याले पडल्या, माह्या कागदाले नाई. अन् मुकादमाले काय करा लागते टाळ्याचं." इतकंच बोलले, आणि अकोल्याची मोटार धरली. रुख्मा मागं वळून पाहत होती. ओसरीवर खळीचं पातेलं तसंच राहिलं. दुर्गाबाईनं ते अजून घासलेलं नाही. मला दिसावं म्हणून तिथंच ठेवलं आहे.

तेव्हा माझी विनंती एवढीच, की तुम्ही बापाच्या नात्यानं जावयांना दोन शब्द सांगावेत. म्हणावं, म्हातारा अडाणी आहे, वाईट नाही. पाडव्याला या. पाहिजे तर मी त्या दिवशी घरी राहणार नाही. विहीणबाईंना नमस्कार, रुख्माला आशीर्वाद, म्हशीची काळजी घ्यावी.

आपला,
पुंजाजी

ता. क. फेटा नीट आहे. गुलाबी डाग एका टोकाला आहे, तो आत घालून बांधता येतो.

ता. क. दुसरा. वर जे लिहिलं ती खरी विनंती नाही. खरी विनंती लिहायला लाज वाटत होती. गेल्या दिवाळीला देवमनरावांनी माझ्यासाठी स्वतः शिवून एक कोट आणला होता. बारदानाचा, आतून मऊ खादीचं अस्तर. मी तो लिंबाचा पाला घालून पेटीत ठेवला आणि वर्षभर सांगत राहिलो, चांगल्या प्रसंगाला काढीन. आता ठरवलं आहे, की पाडव्याला ते दोघं येणार असतील तर तो कोट घालून भर बाजारातून जायचं आणि मोटारस्टँडवर उभं राहायचं. पण त्याला बाह्या तीन आहेत. एकीत हात जातो. दुसरीत गेला तर परत येत नाही. तिसरी कशाला आहे आणि डोकं कुठून काढायचं, एवढं जावयांना विचारून कळवावं. मी विचारतो आहे असं सांगू नये. सहज बोलता बोलता विचारावं.

ता. क. तिसरा. लपवून काय उपयोग. कोट सकाळीच अंगात घातला आहे, आणि निघत नाही. डावा हात पाठीमागं कुठंतरी आहे. हे पत्र उजव्या हातानं, दुर्गाबाईला पाट धरायला लावून लिहितो आहे. ती हसून हसून पाट हलवते. दोनदा कात्री घेऊन आली, "कापून काढते, नाई त दिवाळीचा सन असाच करसान." मी लावू दिली नाही. त्यांच्या हातचे टाके आहेत. इतक्यात जानराव दारात आले. म्हणाले, "हे काय घातलं बे पुंजाजी? तुले पोत्यात भरलं का कोनी?" मी म्हटलं, "माह्या जवायानं शिवला. मिलात नाई हाय तो. कपड्याचे नवे नमुने काढते." तोंडातून सरळ निघालं, खुशालराव, अडखळलं नाही. जानराव बराच वेळ कोटाभोवती फिरून पाहत राहिले, आणि तिसरी बाही कशाला आहे असं त्यांनीही विचारलं. मी म्हटलं, कळेल.

जानराव उद्या सकाळच्या मोटारीनं अकोल्याला येत आहेत, पत्र त्यांच्याच हाती देतो. उत्तर त्यांच्याच हाती संध्याकाळपर्यंत धाडावं. किंवा कोणी स्वतः येऊन दाखवणार असेल, तर फारच बरं. हात बधिर होत चालला आहे. लवकर कळवावं.