पावाच्या दुकानाची पाटी

ब्रोकन हिल, मंगळवार

प्रिय थेल्मा,

मी मजेत आहे. तुझा गुडघा कसा आहे?

सिनेमासाठी इथे १९५० सालचं गाव उभारलंय. शाळेतली कविता गुणगुणत मी पावाच्या दुकानाची पाटी रंगवली. आत तू लहानपणीसारखी केसांना रिबीन बांधून पाव घ्यायला उभी असशील, असंच वाटत होतं. शेवटच्या अक्षराचं शेपूट मात्र थरथरलं. पुसायला गेलो, तर कलादिग्दर्शिका डल्सी ओरडली, "खबरदार, लेस! सरळ रेघा कॉम्प्युटरही काढतो. ही मुरलेल्या हाताची नक्षी राहू दे!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही हसलो. पण तुझ्यापासून काय लपवायचं? ती नक्षी मी काढली नव्हती, हात आपोआप थरथरला होता. शुक्रवारी परततोय, तेवढी डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव.

तुझ्या हातच्या चहाला आसुसलेला,
लेस