हत्तीपुढचं प्यादं

रविवार, संध्याकाळ

ते कडेचं प्यादं डोळ्यांसमोरून हलत नाही.

आज बुद्धिबळाच्या क्लासला पोरांच्या जोड्या लावून मी रिकामाच होतो. फुलंब्रीहून मुलीला एसटीनं घेऊन येणाऱ्या लताताई नेहमीसारख्या बाकावर बसल्या होत्या. म्हटलं, खेळता का एक डाव? पांढरी त्यांना दिली. पहिलीच चाल, हत्तीपुढचं प्यादं दोन घरं. मी मनात हसलो. वीस वर्षं पोरांना सांगतोय, आधी मधली घरं धरा.

बाकीची प्यादी त्या एकेक घरच सरकवत होत्या. वाटलं, घाबरतायत. कडेचं प्यादं मात्र पुढं येत येत माझ्या राजाच्या कोपऱ्याला भिडलं, मेलं, आणि मोकळ्या झालेल्या वाटेनं हत्ती सरळ आत. मात. तोवर सगळी पोरं पटाभोवती जमलेली.

ही सुरुवात कुठं शिकलात, विचारलं.

"वडलांकडून. आमच्या घरी फक्त हत्तीपुढचं प्यादं दोन घरं चालायचं. बाकी सगळी एकेक."

म्हणजे मला असलेली दोन घरांची मुभा स्वतः न घेताच हरवलं मला? न राहवून सांगितलं, ताई, इथं सगळीच प्यादी पहिल्या चालीला दोन घरं चालतात.

"व्हय सर, तुम्ही चाललात तवाच कळलं की," पिशवी उचलत त्या म्हणाल्या. "पण मला कुठं घाई होती."

आता घरी पट मांडून बसलोय. कडेचं प्यादं दोन घरं पुढं सरकवलंय. दुसरी चाल काही सुचत नाही.