खडूची बाई आणि झुबेदाची ओढणी

दुबई, २ मार्च १९६४, सोमवार

साहेबाने बोलावलं. वाटलं, झुबेदाच्या परवानगीचा कागद. कुठला! आत मेमसाहेब, टेबलावर एक तसबीर. परवा वाळूत जीप आपटली आणि तसबिरीची काच खलास. नवी काच मुंबईहून पुढच्या बोटीनं येणार. तोवर बंगल्यात एसी बसवायला भिंती फोडतायत, नुसती धूळ. "परकार, तुमच्या खोलीत ठेवाल? यू आर अ केअरफुल मॅन."

केअरफुल मॅन "येस सर" म्हणाला. दुसरं काय म्हणणार? लग्नाला नऊ वर्षं झाली, झुबेदा आत्ता कुठे तीन महिन्यांसाठी इथे आलीय. परवानगी महिनाअखेर संपते. साहेबाची सही झाली तर राहील, नाहीतर बोटीत बसवून परत रत्नागिरी.

चित्र रंगीत खडूंचं. दोनशे वर्षांचं म्हणे. मेमसाहेबांच्या कुठल्याशा पणजीच्या पणजीचं, आणि काढणारीही बाईच. ताकीद अशी: बोट लावायचं नाही, पुसायचं नाही, फुंकर मारायची नाही. घरी येईपर्यंत मी श्वाससुद्धा बेतानं घेतला.

३ मार्च

क्वार्टरच्या भिंतीत खिळा ठोकायला बंदी. तरी ठोकला. तसबीर टांगली.

झु. बघतच राहिली. "अवो, खोली एकच. या बाईसमोर नमाज कशी पढू मी? आणि गळा बघा केवढा उघडा!"

तोंड भिंतीकडे करू म्हणाली. मी ओरडलो, खडू भिंतीला लागेल! (वेळेवर सुचलं, स्वतःवर खूश.)

"बरं, मी बघते काय ते," म्हणाली. ऑफिसला उशीर होत होता. काय बघणार ते विचारलं नाही.

५ मार्च

घरी आलो तर आत बोलण्याचा आवाज. झु. भाजी चिरता चिरता तसबिरीला माझ्या कागाळ्या सांगत होती. मी घोरतो, मी सालनात मीठ जास्त म्हणतो.

"शेजारणी अरबीत बोलतात, त्या काय म्हणतात मला कळत नाही. ही निदान गप बसून ऐकते."

मग म्हणाली, "बाईनंच काढलीय, कळतं. पुरुषानं उगाच लाजवली असती. हिचे डोळे बघा, चुलीवर कायतरी ठेवून आलीय."

मी बघितलं. खरंच तसं वाटलं.

६ मार्च, शुक्रवार

या अल्ला.

जुम्म्याची नमाज पढून घरी आलो. झु. जोहरला, दुपारच्या नमाजेला, उभी राहायच्या तयारीत. नमाजेची पांढरी ओढणी तसबिरीवर टाकली, पंख्यानं उडू नये म्हणून कोपरे चौकटीत खोचले, वर तळहातानं नीट चापून बसवली. स्वतः दुसरी घेतली. मी "अगं, अगं" म्हणेपर्यंत तिची नमाज सुरू.

नमाज झाल्यावर ओढणी काढली. बाईचा उजवा गाल कावीळ झाल्यासारखा. ओढणीच्या आतल्या बाजूला फिकट गुलाबी गाल, नाक, एक भुवई. दिवसातून पाच वेळा, तीन दिवस! मी असायचो ऑफिसात नाहीतर मशिदीत, आणि काल बघितले ते फक्त डोळे.

"काय केलंस हे!"

"तुम्ही बोट लावू नको म्हणालात. बोट कुठे लावलं मी?"



७ मार्च

झु. म्हणते माझी पावडर आहे, थोडं कुंकवासारखं काही... खबरदार म्हटलं. स्वतः मात्र बाजारातून शाळेचे खडू आणले. गुलाबी खडू हातात घेऊन पाऊण तास तसबिरीसमोर बसलो. शेवटी खडू गपचूप डब्यात ठेवला.

मग दुसरी अक्कल. सांगायचं, इथली दमट हवा, मॅडम, क्लायमेट.

झु. चिडली. "खोटं बोलून राहायचं असेल तर मी रत्नागिरीत बरी."

ती बरी असेल. मी नाही बरा. नऊ वर्षं मेसचा भात खाल्लाय, आणि घोरतो हे मला याच महिन्यात कळलं. ती जायला नको. एवढं लिहून ठेवतो, तिला तोंडावर सांगायची हिंमत नाही.

१० मार्च, मंगळवार

बोट आली, काच आली, चारला मेमसाहेब आल्या. मी पाठ केलेलं सुरू केलं: "मॅडम, द क्लायमेट ऑफ दुबई..."

झु.नं मला बाजूला सारलं. पेटीतून ओढणी काढून मेमसाहेबांच्या पायाशी पसरली. इंग्रजी अवाक्षर येत नाही. तसबिरीकडे बोट, मग ओढणी उचलून झाकून दाखवलं (या वेळी चार बोटं लांबून), रुकूला वाकली, सजद्याला कपाळ टेकलं, परत ओढणी काढली. सगळं करून दाखवलं. शेवटी स्वतःच्या गालावर चापट मारून घेतली.

मेमसाहेब चटईवर बसल्या. चटईवर! ओढणी उजेडात धरून बराच वेळ बघितली. इंग्रज माणसाच्या तोंडावरून काही कळेल तर शपथ. मग ओढणी मागून घेतली. तसबीर आणि ओढणी, दोन्ही गाडीत मागच्या सीटवर शेजारी शेजारी ठेवली. काचेचं खोकं पुढे.

जाताना फक्त, "परकार, साहेब उद्या दहाला भेटतील."

कशासाठी? विचारायला तोंड उघडलं तोवर गाडी वाळूत.

संध्याकाळी मगरिबच्या नमाजेला झु. सवयीनं उरलेली ओढणी घेऊन भिंतीशी गेली आणि तिथेच उभी राहिली. डोळे पुसले. म्हणाली, "कुणाशी बोलू आता?"

"माझ्याशी बोल," म्हटलं. "माझ्या कागाळ्या सोडून."

हसली. मग विचारलं, "ट्रंक भरायला घेऊ?"

"साहेब काय म्हणतो ते दहाला कळेल, इन्शाल्ला."

"आणि हा खिळा? बंदी आहे ना? काढून ठेवू?"

"नको," म्हटलं. "खिळा राहू दे."