हालमसाहेबाचा हौद

२ नोव्हेंबर १८८५

साहेब आज परत आला! मेलेल्यांचा दिवस. कबरीवर मेणबत्त्या लावून मी नुकती ओट्यावर टेकले, तर हा दारात उभा. हालमसाहेब. रेल्वेचे पूल बांधता बांधता म्हातारा झाला, आता आमच्या कोलशेत गावात बंगला बांधून बसलाय. बंगल्यामागे हौद बांधायचा म्हणतो. कशाला? तर पोहायला! समोर एवढी खाडी वाहते, पण ह्याला घरच्या घरी पोहायचंय. "खाडीत चिखल आहे," म्हणे. मग आम्ही जन्मभर काय दुधात बुडालो?

ठाण्याच्या कचेरीत त्याला सांगितलं — हौद मॅग्डलीनबायच्या विहिरीला लागून येतो, तिची हरकत नाही असं लिहून आण. म्हणून हे हेलपाटे. परक्या मुलखात येऊन राज्य करतो, आणि खड्डा खणायला माझी परवानगी लागते. बरं वाटलं.

मी म्हटलं, उद्या ये.

पॉल दोन्हीकडचं बोलणं इकडचं तिकडे करतो. माझ्या बहिणीचा मुलगा, साहेबाचा बटलर. साहेबाचे जुने बूट घालतो. पाय आत फिरतात, बूट जागच्या जागी.

३ नोव्हेंबर

आला. म्हटलं, आज डोकं दुखतंय. उद्या ये.

७ नोव्हेंबर

आज साहेबाला बसायला पाट दिला. थेल्माच्या लहानपणचा, वीतभर. गुडघे कानांना लागले त्याचे. दाराआड थेल्मा फिदीफिदी हसली. माझी नात. आई नाही तिला, वळण लावायला मीच. हसली की पुढचे दात तिच्या आधी ओट्यावर येतात. सगळ्यांसमोर म्हटलं, तोंड मिट गं, माजिवड्याचे व्याही बघतील तर वरात अर्ध्या वाटेतून माघारी नेतील.

रडली. रडू दे. फेब्रुवारीत लग्न. मग रडायला पुष्कळ वेळ आहे.

साहेबाला म्हटलं, उद्या ये.

१५ नोव्हेंबर

व्हिक्टोरिया घागर घेऊन दारावरून गेली. मेलेल्या दिराची बायको. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गेल्या उन्हाळ्यात टेकडीच्या पायथ्याला तिने आपली विहीर खणली. विहीर कसली, मांजर पडलं तर पाणी दिसायचं नाही! पण गोडं लागलं म्हणतात.

तिला विहीर खणायला मीच लावलं. तिच्या मुलीचं लग्न होतं तेव्हाची गोष्ट. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जायचं, पाणी आणायचं, त्याने नवरीला न्हाऊ घालायचं. सगळ्या गावात गोडी विहीर माझी, तिच्यावरचा उंबरही माझा. आली कळशी घेऊन. मी वाल सोलत होते. म्हटलं, उद्या ये. "जाऊबाई, उद्या लग्न आहे." म्हटलं, मग परवा ये!

मुलगी तळ्याच्या शेवाळी पाण्याने न्हाली. केसांत हिरवं घेऊन वेदीपुढे उभी. अजून आठवलं की हसू येतं.

२० नोव्हेंबर

पॉल जेवायला आला. बोंबलाचं कालवण ओरपताना बोलून गेला — "मावशी, साहेब म्हणतो म्हातारी अडाणी आहे. तिला पाण्यातलं काय कळतं."

कळतं रे कळतं! आमचे हे जिवंत होते तेव्हा नेहमी म्हणायचे, आता बंगला आहे त्या बाजूला कमरेपेक्षा खोल कुदळ घालू देऊ नको कोणाला. खाली सगळं खाडीचं खारं. का नको, ते मी कधी विचारलं नाही. खारं पाणी कोणाला हवंय, त्यात विचारायचं काय?

तर खण म्हणावं. खोल खण. चुनागच्ची कर, पायऱ्या कर. मग बघ आत काय येतं ते. सगळं गाव बघायला बोलावते.

२२ नोव्हेंबर

कागद घेऊन आले. पॉल म्हणाला, "मावशी, इथे बांगडी काढ." सही येत नाही त्या बाया बांगडीची निशाणी काढतात ती! त्याच्या हातातला टाक ओढला आणि अख्खं नाव लिहिलं. अक्षरं खेकड्यांसारखी तिरकी गेली, पण गेली. पाद्रीने चार महिने शिकवलं ते काय बांगड्या काढायला? साहेबाला म्हटलं, उथळ करू नको बाबा, चांगला दोन पुरुष खोल कर. खूश! माझा हात हातात घेऊन हलवला. नंतर राखेने धुतला मी.

साहेब गेल्यावर लिओ कुरकुरला. माझा मुलगा, थेल्माचा बाप. ह्यांचं नाक तेवढं घेतलंय. "आय, आपली विहीर त्याच्या कुंपणाला लागून आहे. खारं फुटलं तर—"

म्हटलं, माझी विहीर खडकातली आहे. तुझ्या डोक्यासारखी भुसभुशीत नाही.

६ जानेवारी १८८६

फुटलं!! काल अमावस्येचं उधाण, आज खड्ड्यात कमरेइतकं पाणी. मजूर कुदळी टाकून पळाले. मी बोट बुडवून चाखलं — मिठागरासारखं! गावभर फिरून सांगितलं, उद्या साहेबाचं तोंड बघायला या.

७ जानेवारी

काय सांगू. सगळं गाव कुंपणाशी. साहेब आला, ओंजळीत पाणी घेतलं, तोंडाला लावलं. मी म्हटलं, आता! तर तो ओरडला आणि कपड्यांसकट आत उडी! टाळ्या वाजवतो, पाणी उडवतो. पॉल म्हणाला, "मावशी, साहेबांच्या देशात खाऱ्या पाण्यात पोहायला लोक गाडीचं भाडं भरून समुद्रावर जातात. औषध असतं ते!"

गावाने साहेबाला बघून टाळ्या वाजवल्या. व्हिक्टोरिया मागे उभी होती. ती माझ्याकडे बघत होती.

१० जानेवारी

साहेबाने मला केक पाठवला. उपकार मानले म्हणे. कोंबड्यांना घातला. एकही मेली नाही.

२ फेब्रुवारी

आता खाडीपासून चर मारलाय. भरती आली की हौद आपोआप भरतो. रोज सकाळी त्याचं नाक फुरफुरताना ऐकू येतं, म्हशीसारखं.

१९ फेब्रुवारी

काल पुनवेचं उधाण. सकाळी पेज तोंडात घातली — खारट! थेल्माला डावाने हाणली. लग्न तीन दिवसांवर आणि दोनदा मीठ घालते! गाल धरून म्हणाली, "मोठी आय, मी मीठ घातलंच नाही."

विहिरीवर गेले. चाखलं. पुन्हा चाखलं.

खारं.

आता कळलं, आमचे हे कुदळ घालू देऊ नको का म्हणायचे.

२० फेब्रुवारी

लिओला साहेबाकडे धाडला. साहेबाने कागद दाखवला, वर माझं अख्खं नाव. पॉल म्हणाला म्हणे, मावशीनेच खोल खणायला सांगितलं. मोठं तोंड झालंय त्याचं, बुटांपेक्षा.

लिओ म्हणतो, "व्हिक्टोरियाकाकीकडे जा. उद्या थेल्माला न्हाऊ घालायचं आहे, गोडं पाणी तिच्याकडेच."

म्हटलं, त्यापेक्षा मुलगी खाऱ्याने न्हाली तरी चालेल.

थेल्माने ऐकलं. रडली नाही. पदर खोचला आणि बाहेर गेली. अंधार पडला तरी आली नाही.

२१ फेब्रुवारी

कळशी घेऊन मी स्वतः गेले. व्हिक्टोरियाच्या अंगणात मांडव. वाजंत्री तिथेच, लिओसुद्धा तिथेच. मधे पाटावर थेल्मा, केसांतून पाणी निथळतंय, हसत होती — सगळे दात दाखवून. मला बघून तोंड मिटलं नाही तिने.

व्हिक्टोरियाने रिकामी घागर खाली ठेवली. माझ्या हातातली कळशी बघितली.

"जाऊबाई," म्हणाली, "उद्या ये."