‘सुटली’ म्हणतात

४ मार्च
ताई गेली. दुपारी आई तिला भरवत होती, तेवढ्यात मान कलली. आईला वाटलं डुलकी लागली. चमचा हातात धरून बराच वेळ तशीच बसून राहिली.

५ मार्च
लोक येऊन गेले. सगळ्यांचं एकच — सुटली बिचारी! मामाने मला बाजूला घेतलं. म्हणाला, तुम्हीपण सुटलात, आता तुझ्या लग्नाचं बघता येईल. चाळिशीच्या बाईचं लग्न!
ताई जन्मापासून अंथरुणावर. ना बोलणं, ना चालणं. पण ती ओझं होती, हे गावभर ठाऊक होतं आणि घरात आम्हालाच नव्हतं — असं आज वाटलं.

७ मार्च
कुणी शिंकलं की ताई खदाखदा हसायची. म्हणून पाववाला रोज दारात खोटं शिंकायचा. दोन दिवस आला नव्हता, आज आला आणि शिंकला. त्याला कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं. मटकन पायरीवर बसला. मग पाव द्यायचे विसरून तसाच निघून गेला.

११ मार्च
चष्म्याच्या दुकानात पुन्हा कामावर. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवल्या आणि मनात देवावर चरफडत राहिले. घरी येऊन आईला विचारलंच — ज्या जन्माचा कुणाला काही उपयोग नाही, तो देव देतोच कशाला?
आई कपड्यांच्या घड्या घालत होती. ताईच्याच कपड्यांच्या.
“उपयोग माणसं बघतात,” ती म्हणाली. “त्याला माणूस दिसतो.”
मग जरा थांबून म्हणाली, लांबचं अंधुक दिसणं ही तुझ्या गिऱ्हाइकांची अडचण, देवाला चष्मा लागत नाही. मला हसू फुटलं. तीही हसली. आणि हसता हसता दोघी रडायलाच लागलो. ताईकडे बघणारी मी एकटीच असते ना, आई म्हणाली, तर केव्हाच मोडून पडले असते; तोही बघत होता.

१५ मार्च
जिना चढताना आई मध्येच भिंतीला टेकली. तोंड पांढरंफटक. म्हणे, नुसती दमले. ऐकलं नाही मी. ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासण्या सांगितल्यात.

१८ मार्च
आईच्या पोटात गाठ आहे. वर्षभर तिला ठाऊक होतं. ऑपरेशन केलं तर बरेच दिवस काही उचलता येणार नव्हतं. मग मी दुकानात असताना ताईची कूस कोण बदलणार? म्हणून गप्प राहिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता उशीर झालाय.
मी आईला म्हटलं, तिच्यापायी जीव घालवलास.
“घालवला कुठे?” आई म्हणाली. “जिवालाच दिला.”