पिठाचा बिराप्पा

मंठाळ, १२ डिसेंबर २००४, रविवार

भावकीत घ्या म्हणून आलेल्या सोलापूरच्या म्हाताऱ्याला आज सगळ्यांसमोर परत पाठवलं. बिरोबापुढं फोडायला आणलेला नारळ त्याच्याच हातात दिला. गावातून मिलमध्ये कामाला गेलेला आणि माझ्या बापाच्या जन्मानंतरही बरीच वर्षं जगलेला त्याचा आजा बिराप्पा म्हणजे माझाच पणजा, असं त्याचं म्हणणं.

मी म्हटलं, "गावात बिराप्पा पुष्कळ झाले. आमच्यात जित्या माणसाचं नाव नातवाला ठेवत न्हाईत. माझा बाप बिराप्पा, म्हणजे पणजा त्याच्याआधीच मेलेला. तुमचा कोण ते तुम्ही बघा."

म्हातारा रडला. माझा हिशेब पक्का होता.

जेवताना चुलती म्हणाली, "मेला कुठं व्हता? दुसरी बाई घिऊन पळाला, म्हणून घरच्यांनी तो मेला असं धरून पिठाचा पुतळा करून जाळला. पीठ माझ्या सासूनंच मळलं. मग तुझ्या बापाला नाव ठिवलं."

"सकाळी कामून बोलली न्हाईस?"

"तू कुणाला बोलू देतूस व्हय, शाण्या?"

म्हाताऱ्यानं तो नारळ बसमध्ये चढतानासुद्धा पोटाशीच धरला होता. त्याला परत बोलवायचं? म्हणजे भावकीसमोर मीच खोटा? नाही. चुलतीचं वय झालंय, काहीबाही बरळते, असं उद्याच सगळ्यांना सांगून ठेवतो.